आधी कागद आणा

(वसतिगृहातल्या विद्यार्थी मित्रांपुढे केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी राहिलेले एकदोन मुद्दे छापताना घातले आहेत.)



मला दिलेला विषय आहे, युद्ध आणि विद्यापीठ. बोर्डावर तो वाचून दोघातिघांनी मघाशी विचारलंच, की हे आपलं काय? आपल्याच पोरांची स्कॉलरशिप परीक्षा उरकल्यावर येते, हॉस्टेलची आमटी म्हणजे हळद घातलेलं पाणी, आणि हा बाबा युक्रेन न् गाझाच्या गोष्टी सांगायला आलाय. ठीक आहे. मी त्या स्कॉलरशिपच्या खिडकीपासूनच सुरुवात करतो. त्या खिडकीत एक माणूस बसलेला असतो. तो मान वर करत नाही. तो म्हणतो, "आधी कागद आणा." तुमच्यातल्या प्रत्येकानं तो आवाज ऐकलाय. लढाईतून जीव वाचवून आलेलं पोरगं जगातल्या कुठल्याही विद्यापीठात गेलं की त्याच्या कानावर पहिला हाच आवाज पडतो. भाषा तेवढी वेगळी. म्हणून हा विषय आपला आहे, आणि त्यावर बोलायचा अधिकार कुठल्याही परिसंवादवाल्या प्राध्यापकाइतकाच आपल्यालाही आहे.

बॉम्ब पडल्यावर विद्यार्थ्याचं नक्की काय जातं ते आधी बघू. घर जातं, माणसं जातात, हे कुणालाही दिसतं. पण त्याचं शिकणं कुठंतरी नोंदलेलं असतं, ती नोंदही जाते. पाच सेमिस्टर रात्री जागून काढली, त्याचा पुरावा एका इमारतीत, एका कपाटात, एका मशीनवर असतो. गाझातल्या अल-इस्रा विद्यापीठाची इमारत जानेवारी २०२४ मध्ये इस्रायली लष्करानं स्फोटकं लावून उडवली. त्याचं चित्रीकरण साऱ्या जगानं पाहिलं. एप्रिल २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आकडे दिले : सहा महिन्यांत ५,४७९ विद्यार्थी, २६१ शिक्षक आणि विद्यापीठांतले ९५ प्राध्यापक ठार. आता जो जगला, त्यानं मार्कशीट मागायची कुणाकडं? सही करणारा आहे की नाही ठाऊक नाही, शिक्का कुठल्या ढिगाऱ्याखाली ते ठाऊक नाही. आणि परक्या देशातला रजिस्ट्रार त्याला सांगणार, मूळ प्रत जोडा, साक्षांकित करून.

पॅलेस्टिनी लोकांना हे नवं नाही. पश्चिम किनाऱ्यावरचं बिरझेत विद्यापीठ जानेवारी १९८८ मध्ये लष्करानं बंद केलं ते एप्रिल १९९२ पर्यंत उघडू दिलं नाही. चार वर्षं. त्या चार वर्षांत मास्तरांनी घराघरांत वर्ग भरवले. पकडले गेले तर तुरुंग, तरी पोरं यायची. बंदी असताना चोरून शिकायचं म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसतं. आणि गंमत बघा, २०२४ मध्ये गाझातल्या पोरांना दुरून शिकवायला, त्यांचं वर्ष वाचवायला जी विद्यापीठं पुढं आली त्यांत हेच बिरझेत होतं. ज्यांची स्वतःची मान जोखडाखाली, त्यांनी दुसऱ्याचं वर्ष वाचवलं. हा धागा लक्षात ठेवा, तो पुढं परत येणार आहे.

आता घरची गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा तिथं आपल्या देशातली वीसेक हजार पोरं शिकत होती, बहुतेक डॉक्टरी. खारकिवमध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकातला एक पोरगा खाण्याचं सामान आणायला बाहेर पडला होता, रांगेत उभा असताना मारला गेला. बाकीच्यांना विमानानं आणलं. विमानतळावर फुलं दिली, मंत्री आले, फोटो निघाले. पुढं? पुढं पोरं विचारायला लागली, आमच्या तिसऱ्या वर्षाचं काय, चौथ्या वर्षाचं काय? तेव्हा फुलं देणारे हात मागं गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की या पोरांना इथल्या कॉलेजांत सामावून घ्यायची कायद्यात तरतूद नाही. वर असंही म्हटलं, की ही पोरं बाहेर गेली ती 'नीट'मध्ये गुण कमी म्हणून, किंवा फी परवडेना म्हणून.

गुण कमी! मित्रांनो, हा शब्द कुठून येतो ते तुम्हाला सांगायला नको. बॉम्बमधून सुटून आलेल्या पोराला पहिला प्रश्न काय, तर तुझी गुणवत्ता काय? आणि त्याच महिन्यांत दुसरी ओरड टीव्हीवर चालली होती. आरक्षणामुळं आमच्या हुशार पोरांना युक्रेनला जावं लागलं! म्हणजे रशियाचा रणगाडासुद्धा आमच्या पोरांच्या राखीव जागेवरून गेला! अरे, खाजगी मेडिकल कॉलेजची फी किती, ती कोण ठरवतो, ती कॉलेजं कुणाची, हे एकदा विचारा. इथं ज्या पदवीला कोटीच्या घरात पैसा ओतावा लागतो, ती तिकडं वीस-तीस लाखांत होत होती. शेत विकून, बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकून बापांनी पोरं पाठवली. त्यांत सगळ्या जातींचे बाप होते. पण ओरडणाऱ्यांना कॉलेजचा मालक दिसत नाही. आमचं जातप्रमाणपत्र तेवढं लांबून दिसतं.

जागा नव्हत्या म्हणतात. साधा हिशोब करा. त्या साली देशात सहाशेवर मेडिकल कॉलेजं होती. वीस हजारांना सहाशेनं भागा. कॉलेजमागं तेहतीस पोरं. ती वेगवेगळ्या वर्षांत वाटली तर एका वर्गात पाच-सहा. पाच-सहा बाकं टाकली असती तर देश बुडाला नसता. शेवटी मार्च २०२३ मध्ये, एक वर्ष वाया गेल्यावर, सरकारनं शेवटच्या वर्षातल्यांना एकच संधी दिली : कॉलेजात नाव न घालता, वर्षभरात दोन्ही भाग पास व्हा, मग दोन वर्षं उमेदवारी करा. आणि जी पोरं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात होती, ती गेली जॉर्जियाला, उझबेकिस्तानला, कुणी परत युक्रेनलाच. सायरन वाजला की तळघरात, थांबला की वर्गात.

असं काही करताच येत नाही, कायद्यात बसत नाही, म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. १९४१ साल. इंग्लंड-स्कॉटलंडवर जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती. तिकडं पोलंडमधली विद्यापीठं हिटलरनं बंद पाडली होती. क्राकोच्या विद्यापीठात नोव्हेंबर १९३९ मध्ये प्राध्यापकांना भाषणाला म्हणून बोलावलं आणि १८० वर माणसं तिथल्या तिथं धरून छळछावणीत धाडली. पळून आलेलं पोलिश सैन्य स्कॉटलंडमध्ये होतं. त्यात डॉक्टरी अर्धवट सुटलेली पोरं होती आणि शिकवणारे प्राध्यापकही होते. एडिंबरा विद्यापीठानं मार्च १९४१ मध्ये त्यांना आपल्या आवारात वैद्यकीय शाळा काढून दिली. शिकवायची भाषा पोलिश. इस्पितळ, प्रयोगशाळा एडिंबराची. १९४९ पर्यंत ती चालली. ३३६ पोरं आत आली, २२७ डॉक्टर होऊन बाहेर पडली. डोक्यावर बॉम्ब पडत असताना एका विद्यापीठाला हे जमलं. आमच्याकडं शांततेच्या काळात एका वर्गात पाच बाकं वाढली नाहीत.

बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. १९१६ मध्ये ते कोलंबियाहून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. वर्षभरात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून निघावं लागलं. सन १९१७, पहिलं महायुद्ध ऐन भरात. समुद्रात जर्मन पाणबुड्या. बाबासाहेबांचं सामान दुसऱ्या बोटीवर होतं, ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. ते स्वतः वाचले. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट याच्या आधीची आहे. निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी काढून ठेवली होती, की चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यासाठी शब्द टाकला होता. एका कागदावर एक ओळ. त्या ओळीच्या जोरावर बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवून, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेऊन १९२० मध्ये परत गेले. १९२१ ला एम. एस्सी., १९२३ ला डी. एस्सी. विद्यापीठानं खैरात केली नाही, पैसाही दिला नाही. नाव कापलं नाही, एवढंच केलं. पुढं काय झालं ते तुम्ही जाणता.

म्हणून मी म्हणतो, विद्यापीठानं युद्धातल्या पोरासाठी करायची पहिली गोष्ट फुकटची आहे. त्याची जागा धरून ठेवायची. गैरहजेरीत नाव कापायचं नाही. मुदत संपली म्हणून पीएच. डी. रद्द करायची नाही.

आता प्राध्यापकांकडं येतो. त्यांचं दुखणं वेगळं आहे. १९३३ मध्ये हिटलर आल्याबरोबर जर्मन विद्यापीठांतून ज्यू आणि डाव्या प्राध्यापकांना हाकलायला सुरुवात झाली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा संचालक विल्यम बेव्हरिज — बाबासाहेब दुसऱ्यांदा तिथं शिकत होते तेव्हाही तोच संचालक होता — त्या वेळी व्हिएन्नात होता. पेपरात बातमी वाचली, लंडनला परतला आणि मे १९३३ मध्ये अकॅडमिक असिस्टन्स कौन्सिल उभी केली. त्याच्या कॉलेजातल्या मास्तरांनी आपल्या पगारातून वर्गणी काढली. ती संस्था नाव बदलत बदलत आजवर टिकली आहे. चांगलं काम. सलाम.

पण त्या काळात आत कोण घेतलं गेलं, हे बघायला नको का? अमेरिकेत अशीच एक समिती निघाली. तिच्याकडं जवळजवळ ६,००० माणसांच्या वतीनं मागणी झाली. मदत मिळाली ३३५ जणांना. समितीचं धोरण असं, की नाव कमावलेला, प्रतिष्ठित विद्वान पाहिजे. तरुण मास्तर, नुकती पदवी घेतलेला पोरगा, बाई — त्यांना विचारतो कोण! आइनस्टाइनला जगात कुठंही खुर्ची मिळाली असती. खुर्चीची गरज ज्याला होती, त्याचं नाव पेपरात आलं नव्हतं. मरणाच्या दारातसुद्धा यादी गुणवत्तेप्रमाणंच लागली.

आणि नाव असून तरी काय? माक्स बोर्न हा पदार्थविज्ञानातला मोठा माणूस. जर्मनीतून हाकलला गेला. सी. व्ही. रामन यांनी १९३५ मध्ये त्याला बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बोलावलं, कायम ठेवायचा प्रस्ताव आणला. तिथल्या एका इंग्रज प्राध्यापकानं भर सभेत त्याला दुय्यम दर्जाचा, स्वतःच्या देशातून हाकललेला माणूस ठरवलं. प्रस्ताव बारगळला. बोर्न पुढच्या वर्षी एडिंबराला गेला, आणि १९५४ मध्ये नोबेल मिळालं. हाकललेला माणूस म्हणजे काहीतरी खोट असलेला माणूस, ही समजूत फक्त गावकुसाची नाही. विद्यापीठांच्या सिनेटांतही ती बसलेली असते, कोट घालून.

आता मघाचा धागा. अमेरिकेतली नावाजलेली विद्यापीठं ज्यू मास्तरांना दारात उभं करत नव्हती तेव्हा दार उघडलं कुणी? दक्षिणेकडच्या काळ्या लोकांच्या कॉलेजांनी. ज्यांच्याकडं धड इमारत नव्हती, ज्यांच्या पोरांना बसमध्ये मागं बसावं लागे, गोऱ्यांच्या नळावर पाणी पिता येत नव्हतं, त्या कॉलेजांनी पन्नासएक निर्वासित मास्तरांना नोकऱ्या दिल्या. हा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही. काळ्या पँथरांचं नाव आपण उचललं, पण त्यांच्या आईबापांच्या कॉलेजांची ही गोष्ट आपल्याकडं फारशी आली नाही.

मिसिसिपी राज्यात टूगलू नावाचं कॉलेज आहे. तिथं १९४७ मध्ये अर्न्स्ट बोरिन्स्की नावाचा जर्मन ज्यू समाजशास्त्र शिकवायला आला. जर्मनीत तो कायद्याचा माणूस होता. इथं आल्यावर पाहतो तर काय, ज्या रोगातून तो पळाला तोच रोग या राज्याच्या कायद्यात लिहिलेला. काळा आणि गोरा शेजारी बसायचा नाही. बोरिन्स्कीनं कॉलेजात सभा भरवायला सुरुवात केली, शेजारच्या गोऱ्या कॉलेजांतल्या पोरांनाही बोलवायचा. आपल्या काळ्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवायचा, लवकर या, आणि एक खुर्ची सोडून एक बसा. उशिरा येणाऱ्या गोऱ्याला बसायचं तर दोन काळ्यांच्या मध्येच बसावं लागायचं. कसला ठराव नाही, घोषणा नाही, खुर्च्यांची मांडणी! आपल्या पाणवठ्याच्या लढ्यातल्या माणसाला ही युक्ती लगेच समजेल. बोरिन्स्की तिथं १९८३ मध्ये मरेपर्यंत शिकवत राहिला. छत्तीस वर्षं. त्याला त्याच कॉलेजच्या आवारात पुरलं.

दुसरा, व्हिक्टर लोवेनफेल्ड. व्हिएन्नाचा चित्रकला शिकवणारा. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये १९३९ मध्ये आला. त्याच्या वर्गात जॉन बिगर्स नावाचा पोरगा येऊन बसला. हा पोरगा त्या कॉलेजात आला होता प्लंबिंग शिकायला. नळजोडणी. कारण काळ्या पोरानं तेच शिकायचं, असं ठरलेलं. लोवेनफेल्डनं त्याला सांगितलं, तुझ्या लोकांचं जगणं काढ. तो बिगर्स पुढं काळ्या अमेरिकेचा मोठा भित्तिचित्रकार झाला, टेक्सासमध्ये त्यानं कॉलेजचा कलाविभाग उभा केला. आता सांगा, उपकार कुणी कुणावर केले?

माझं म्हणणं आहे, इथं उपकाराची भाषाच नव्हती. कॉलेजला शिकलेला मास्तर पाहिजे होता, मास्तरला वर्ग पाहिजे होता. त्याला पगार होता, वेळापत्रक होतं, तपासायला पेपर होते. आजची मोठी विद्यापीठं निर्वासित प्राध्यापकाला काय देतात? एक वर्षाची फेलोशिप, फार तर दोन. एक खोली. एक व्याख्यान, विषय ठरलेला : माझी दुर्दैवी कहाणी. फोटो. मग वर्ष संपलं की जा बाबा, नवीन दार शोध. या फेलोशिपांनी कित्येकांचे जीव वाचलेत, ते मी नाकारत नाही, जीव वाचणं लहान गोष्ट नाही. पण माणूस भाषाशास्त्र शिकवतो तर त्याला भाषाशास्त्र शिकवू द्या ना. त्याच्या जखमेवर किती दिवस व्याख्यानं घेणार? आपल्यालाही परिसंवादात असंच बोलवतात. अर्थशास्त्र शिकलेल्या पोराला विषय देतात, दलितांची वेदना.

आता परत कागद. युरोपातल्या देशांनी १९९७ मध्ये लिस्बनला एक करार केला. त्यात एक कलम असं, की निर्वासिताकडं कागद नसला तरी त्याचं शिक्षण तपासायची व्यवस्था प्रत्येक देशानं केली पाहिजे. पुढं २०१७ पासून त्यांनी निर्वासितांसाठी शिक्षणाचा एक दाखला काढला. कागद असतील तेवढे बघायचे, मग जाणकार माणसं समोर बसवून मुलाखत घ्यायची. काय शिकलास, कुणाकडं, कुठली पुस्तकं, प्रयोगशाळेत काय केलंस. दोन तासांत कळतं हो! चौथ्या वर्षाचा मेडिकलचा पोरगा खरा की खोटा, हे मेडिकलच्या प्राध्यापकाला कळत नसेल तर त्यानं खुर्ची सोडावी. म्हणजे रीत तयार आहे. आपल्याला शोध लावायचा नाही. नुसती उचलायची आहे.

आपल्या देशानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांचा कायदाही केलेला नाही. कोण आत, कोण बाहेर, ते त्या त्या वेळच्या मर्जीवर. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडची पाचेक हजार माणसं राहिली, मुख्यतः बायका-पोरं. त्यांच्या शाळा होत्या, अगदी कॉलेजच्या उंबरठ्यापर्यंतचं शिक्षण होतं, तेही त्यांच्या भाषेत. खर्च त्यांचं परागंदा सरकार करायचं. कोल्हापूर अजून ते कौतुकानं सांगतं, सांगावंही. आणि पूर्व पाकिस्तानातून आलेले नामशूद्र? जातीनं आपलेच भाऊबंद. त्यांना दंडकारण्यात टाकलं, त्यातले कितीतरी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात. बंगालात नामशूद्र अनुसूचित जातीत. इथल्या यादीत ते नाव नाही. म्हणजे अस्पृश्यता त्यांच्याबरोबर सरहद्द ओलांडून आली, सवलतीचा कागद मागंच राहिला. पोरांना जातीचा दाखला नाही, म्हणून स्कॉलरशिप नाही, राखीव जागा नाही. वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले.

कुणी म्हणेल, ते परदेशातून आले. मग देशातल्या देशातलं ऐका. आंध्रातला एक आदिवासी पोरगा, बापाच्या नोकरीमुळं लहानपणी मुंबईत आला, इथंच वाढला. मेडिकलला राखीव जागेवर अर्ज केला. तुझा दाखला आंध्रचा, इथं चालत नाही! १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठरवलं, की दुसऱ्या राज्यात गेल्यावर ती जमात अनुसूचित राहत नाही. बदलीनं आलेल्याची ही गत, तर पळत आलेल्याचं काय? मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं. पोरं वसतिगृह सोडून, वह्या सोडून पळाली. जी दुसऱ्या राज्यात गेली त्यांचं शिक्षणही गेलं आणि दाखल्याची किंमतही. त्या वेळी केरळातल्या कन्नूर विद्यापीठानं मणिपूरच्या पोरांसाठी जास्तीच्या जागा काढल्या आणि सांगितलं, आधी वर्गात बसा, कागद नंतर आणा. मित्रांनो, सबंध भाषणातलं हे एकच वाक्य तुम्ही लिहून घेतलंत तरी चालेल. कन्नूर काही हार्वर्ड नाही. राज्य सरकारचं साधं विद्यापीठ आहे, आपल्या विद्यापीठांसारखंच.

आणि आपल्याकडं? पुण्यात तर वर्षानुवर्षं अफगाण पोरं-पोरी शिकत आलीत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. सुट्टीत, कोरोनात घरी गेलेली पोरं तिकडं अडकली. २५ ऑगस्टला भारत सरकारनं आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. विद्यापीठात नाव आहे, फी भरलेली आहे, आणि दार बंद. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं बायकांना विद्यापीठच बंद केलं. ज्या पोरी इथं नाव घालून तिकडं अडकल्या होत्या, त्यांना दोन्हीकडची दारं लागली. व्हिसा विद्यापीठाच्या हातात नाही, हे मला कळतं. पण कुलगुरूनं दिल्लीला एक पत्र लिहायला कुणाची परवानगी लागते? आणि दुरून परीक्षा घेणं तर त्याच्याच हातात होतं. कोरोनात सबंध देशाच्या परीक्षा घरी बसून झाल्या होत्या की.

म्हणून आपण अर्ज करतोय. निवेदन म्हणत नाही मी, निवेदनाला पोच मिळते आणि फाइल मिळते. अर्जात काय आहे ते थोडक्यात सांगतो. युद्धातून किंवा दंगलीतून आलेल्याला मुलाखत घेऊन तात्पुरता प्रवेश, कागद अभ्यासक्रम संपेपर्यंत. परदेशी म्हणून त्याच्याकडून जी कितीतरी पट फी घेतात ती बंद, इथल्या पोराची तीच त्याची. सुट्टीत हॉस्टेल रिकामं करायची नोटीस त्याला लावायची नाही, कारण जायला त्याला घर नाही. हा मुद्दा एका सुदानी मित्रानं सुचवला, आपल्याला सुचला नव्हता. पंचाहत्तर टक्के हजेरी त्याला माफ. रात्रभर घरचा फोन लागतो की नाही बघत बसलेलं पोरगं सकाळी आठच्या तासाला येत नाही. ज्याचा पीएच. डी.चा मार्गदर्शक मारला गेला किंवा परागंदा झाला, त्याला इथला मार्गदर्शक, तो तिकडं असला तरी, आणि ग्रंथालयाचं कार्ड. प्राध्यापक असेल तर शाल-श्रीफळ नको. पद द्या, पगार द्या, वर्ग द्या. आणि कुठल्या धर्माचा, हा रकाना अर्जावर असायचा नाही.

यावर आपल्यातलाच कुणी म्हणेल, आमच्या जागा कमी होतील. बरोबर शंका आहे, दाबून ठेवायची नाही. म्हणून अर्जात स्पष्ट लिहिलंय, जागा जास्तीच्या. राखीव जागांना हात न लावता. कन्नूरनं जास्तीच्याच काढल्या. उद्या कुलसचिव म्हणाला की तुमच्यातल्या पाच कमी करून त्यांना पाच देतो, तर तो डाव ओळखा. दोन उपाशी माणसांपुढं एक भाकरी टाकायची ही जुनी खोड आहे.

अर्ज बाहेरच्या टेबलावर आहे. जाताना सही करा. नावापुढं वर्ग आणि हजेरी क्रमांक घाला, नुसती सही ऑफिसवाले धरत नाहीत. अफगाण आणि मणिपूरच्या मित्रांनी सही करू नये, त्यांच्या व्हिसाला, स्कॉलरशिपला बाधा यायला नको. त्यांच्या वाटणीच्या सह्या आपण करायच्या. सोमवारी अकराला आवक-जावक खिडकीवर आपण स्वतः जाऊन देणार आहोत, पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.